ओविदच्या खुराड्यातलं लाकडी अंडं

मी एक जुनं लाकडी अंडं आहे, मित्रांनो. रंगाने तपकिरी, कोंबडीच्या अंड्याएवढं आणि आतून भरीव. याला कोंबडीने नाही, सुताराने घातलंय, असं लोक गमतीने म्हणायचे. पूर्वी मलाही त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही, कारण माझ्यामुळे एका भल्या माणसाची सहा वर्षं नासली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही आधी सगळं ऐकून घ्या, मग काय बोल लावायचा तो लावा.

मला घडवलं आल्सीदने. आमच्या लुइझियानात, संथ पाण्याच्या काठी वसलेल्या एका गावात तो सुतारकाम करायचा. होड्या, खुर्च्या, चर्चच्या पायऱ्यांचा कठडा, सगळं त्याच्याच हातचं. हात कसबी, जीभ तिखट आणि अंगात खोड्या ठासून भरलेल्या. त्याच्या शेजारी राहायचा ओविद. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच होडीत मासे धरायला शिकलेले. ओविदच्या घरी त्याची बायको झुल्मा आणि तीसेक कोंबड्या होत्या. त्यातली एक पांढरी कोंबडी भारी चक्रम. खुराड्यात अंडं घालायचंच नाही, कुंपणाबाहेरच्या काटेरी झुडपात जाऊन घालायचं, असा तिचा हट्ट. ओविद रोज झुडपात शिरायचा आणि ओरबाडून बाहेर यायचा.

आल्सीदने ते पाहिलं, टणक लाकडाचा एक तुकडा लाकूड कातायच्या चरकावर चढवला आणि दुपारभरात मला घडवलं. घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की मी खरंच अंडं आहे, असं माझं मलाच वाटलं.

"घे, हे घरट्यात ठेव," तो ओविदला म्हणाला. "तुझ्या त्या भवानीला वाटेल, इथे आधीच कुणीतरी घातलंय. जागा बरी दिसते."

मी गवतात जाऊन बसलो. चौथ्या दिवशी ती पांढरी आली, मला चोचीने टोचून पाहिलं, आणि माझ्या शेजारी बसून अंडं घालून गेली. ओविद त्या सकाळी लहान मुलासारखा टाळ्या पिटत झुल्माला बोलवायला धावला. कोंबड्यांना फसवणं हीच माझी नोकरी होती, हे मी लपवत नाही. पण त्या फसवणुकीने कुणाचं वाईट होत नव्हतं. पाच वर्षं मी ती नोकरी इमानाने केली.

आता आमच्याकडचा ईस्टर कसा असतो, ते थोडं सांगतो. शनिवारी अंडी उकडायची, टोक खाली करून, म्हणजे टोकाशी पोकळी राहत नाही आणि ते कणखर होतं. मग कांद्याच्या सालींच्या पाण्यात ती रंगवायची. रविवारी प्रार्थना झाली की सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर जमतं आणि अंडी लढवतं. एकाने अंडं मुठीत धरायचं, टोक तेवढं बाहेर. दुसऱ्याने वरून आपल्या अंड्याच्या टोकाने ठोकायचं. ज्याचं फुटेल त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं. अगदी दुडदुडणारी पोरंही आपसात लढतात, आणि काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याही त्या दिवशी हातघाईवर येतात. हरलेली अंडी तिथेच सोलून, मीठ लावून सगळे मिळून खातात.

या खेळात ओविदचा हात कुणी धरू शकत नव्हतं. वर्षभर तो कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा खाऊ घालायचा. अंडं निवडताना ते समोरच्या दातांवर हलकेच वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. नुसत्या आवाजावरून कवच जाड की पातळ, ते त्याला कळायचं. लोक आपापली अंडी घेऊन त्याच्यापुढे रांग लावायचे. "ओविदकाका, माझं वाजवून बघा ना!" आणि तोही कसा, ज्याच्याशी लढायचं त्याचंही अंडं खरं तेच सांगून परत द्यायचा. समोरच्याचं अंडं तपासायला मागणं आमच्या गावात अपमानाचं समजतात. पण ओविदच्या हातात लोक आपण होऊन द्यायचे.

आल्सीद मात्र त्याच्याकडून दर वर्षी हरायचा. अकरा वर्षं ओळीने हरला. ओविद त्याला चिडवायचा, "लेका, तुझ्या कोंबड्यांना शिंपले घाल. भुसा खाऊन कुठे कवच होतंय?"

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ओविदचे दात काढावे लागले. वरचे सगळे. आल्सीदच त्याला आपल्या गाडीतून शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि कवळी बसवून परत आणलं. वाटेत ओविदने त्याला गळ घातली, "कुणाला बोलू नकोस हं. लोक अंडी वाजवायला येतील, मी काय सांगू त्यांना? या कवळीवर सगळी अंडी सारखीच वाजतात रे." आल्सीदने शब्द दिला. झुल्मा आणि आल्सीद सोडून ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

शनिवारी दोन्ही घरांची अंडी झुल्माच्या अंगणात एकाच पातेल्यात रंगत होती. आल्सीद खुराड्यात शिरला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचलून त्या पातेल्यात सोडलं. मी चांगला तपकिरी झालो. मग तेलाचा हात फिरवून त्याने मला आपल्या टोपलीत ठेवलं आणि स्वतःशीच हसला. थट्टाच करायची होती त्याला. ओविदला एकदाचं हरवायचं आणि मग मला कठड्यावर टक्‌टक् वाजवून सगळ्यांना हसवायचं. मलाही मजाच वाटली. इथेच माझं चुकलं.

रविवारी मी लढलो, मित्रांनो. मी लढलो म्हणणंही खोटंच. समोरची अंडी बिचारी जीव तोडून लढत होती, मी नुसतं लाकूड होतो. एकेक फुटत गेलं. एका छोट्या मुलीने तिचं अंडं दोन्ही हातांनी धरलं होतं, ते फुटलं तेव्हा तिचा ओठ थरथरला. लोक आल्सीदची पाठ थोपटायला लागले. "वा रे पठ्ठ्या! यंदा तुझं वर्ष!" आल्सीदचा चेहरा उजळला. मी वाट बघत होतो की आता तो मला वाजवेल, आता हसवेल. त्याने वाजवलं नाही. जिंकणं त्याला गोड लागलं.

शेवटी दोघेच उरले, आल्सीद आणि ओविद. तेवढ्यात क्लोतीलमावशी पायरीवर उभ्या राहिल्या. खेळाच्या पंच त्याच, आणि त्यांच्यापुढे पाद्रीबुवांचंही चालत नसे.

"ऐका रे सगळे! पलीकडच्या गावात गेल्या वर्षी कुणीतरी दगडाचं अंडं घेऊन आलं होतं. आपल्याकडे असलं कुणी करणार नाही, मला ठाऊक आहे. तरी यंदापासून जो जिंकेल त्याने आपलं अंडं इथेच, सगळ्यांदेखत सोलून खायचं. मीठ मी देईन."

लोक हसले. आल्सीदचा हात गार पडला. मी त्याच हातात होतो, म्हणून सांगतो.

मग शेवटच्या लढतीआधी पाद्रीबुवांनी आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी टोप्या काढल्या, अंडी टोपल्यांत ठेवली, माना खाली घातल्या, डोळे मिटले. त्या प्रार्थनेत आल्सीदचा हात हळूच ओविदच्या टोपलीत गेला. मी तिथे राहिलो आणि ओविदचं अंडं आल्सीदच्या हातात गेलं. एकाच पातेल्यातले आम्ही, रंगात तसूभर फरक नव्हता.

ओविदने मला उचललं. सवयीप्रमाणे समोरच्या दातांवर वाजवलं. गेल्या वर्षीचे दात असते तर त्याने मला तत्क्षणी ओळखलं असतं. त्या दिवशी त्याने नुसती मान डोलावली, लोकांना दाखवायला. मग ठोक बसली. आल्सीदच्या हातातलं ओविदचं खरं अंडं फुटलं. ओविद जिंकला.

"बारावं वर्ष!" लोक ओरडले. क्लोतीलमावशींनी मिठाची वाटी पुढे केली. ओविदने मला कठड्यावर आपटलं. मी फुटलो नाही. पुन्हा आपटलं. त्या कोरड्या टक्‌ आवाजाला आधी सगळे हसले. मग हसणं विरत गेलं.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "हे तर याच्या खुराड्यातलं!"

सगळ्या गावाला मी माहीत होतो. त्या चक्रम कोंबडीची गोष्ट ओविदनेच घरोघरी सांगितली होती. शंका घ्यायला जागाच नव्हती. क्लोतीलमावशींनी वाटी मागे घेतली आणि एवढंच विचारलं, "अकरा वर्षं हेच चाललं होतं का रे ओविद?"

ओविदने माझ्याकडे पाहिलं. मग आल्सीदकडे. आल्सीद बुटांकडे बघत होता. ओविदने मला खिशात टाकलं, टोपी घातली आणि झुल्माचा हात धरून घरी निघून गेला. मला ओरडता आलं असतं तर मी त्या पायऱ्या दणाणून सोडल्या असत्या. पण लाकूड बोलत नाही, आणि ज्याला तोंड होतं तो बोलला नाही.

त्यानंतर ओविद ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर थांबला नाही. प्रार्थना झाली की मागच्या दाराने घरी. कुणी त्याच्याकडे अंडी वाजवायला आलं नाही. रस्त्याने जाताना पोरं हाक मारायची, "ओविदकाका, कोंबडी यंदा ओकचं अंडं घालणार की सागवानाचं?" तो हसल्यासारखं करायचा. घरी आल्यावर अर्धा दिवस कुणाशी बोलायचा नाही.

मला त्याने परत खुराड्यात ठेवलं नाही, फेकलंही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, टेबलासमोर ठेवलं. झुल्माने दोनदा उचलून बाहेर टाकायला नेलं. "राहू दे," तो म्हणाला. दोन्ही वेळा तेवढंच.

आणि आल्सीद दर रविवारी कॉफीला यायचा. पूर्वीसारखाच, त्याच टेबलाशी. फक्त आता खिडकीकडे पाठ करून बसायचा. न सांगता ओसरीच्या फळ्या बदलून द्यायचा, छपराची गळती काढायचा, खुराड्याला नवं दार लावायचा. एकदा झुल्मा हसत म्हणाली, "भावजी, कसलं पाप फेडताय हो? माझं अख्खं घर नवं केलंत!" आल्सीदच्या हातातली कॉफी बशीत सांडली. ओविदने फडकं पुढे केलं आणि विचारलं, "काही म्हणत होतास?"

"नाही. नाही रे. दाराला तेल दे, एवढंच."

दर रविवारी निघताना ओविद त्याला तेच विचारायचा, काही म्हणत होतास का. दर रविवारी आल्सीद नाही म्हणायचा. सहा वर्षांतले सगळे रविवार मी खिडकीतून पाहिले. त्याच्या पाठीकडे बघून मला त्याचा राग यायचा, आणि मग आठवायचं की अंडी फोडणारं टोक माझंच होतं.

सहाव्या वर्षी आल्सीदची मुलगी विर्जी सात वर्षांची झाली. ओविद तिचा पारँ, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांत घेतलेला धर्मबाप. आमच्याकडे मूल सात वर्षांचं झालं की पहिल्यांदा मोठ्यांच्या लढतीत उतरतं, आणि त्याचं पहिलं अंडं पारँने द्यायचं असतं. लढताना त्याने शेजारी उभं राहायचं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी विर्जी बापाबरोबर आली, ती टोपलीच घेऊन.

"पारँ, माझं अंडं निवडलंत का?"

ओविदने कपातली साखर ढवळली. "बाळा, तू बाबांच्या कोंबडीचं ने यंदा."

"बाबांच्या कोंबड्यांची लगेच फुटतात! तुम्हीच म्हणता ना, भुसा खातात त्या!"

"माझ्या हातचं नेलंस तर लोक तुला हसतील, विर्जी. मला हसले तर चालतं. तुला नको."

पोरगी रडली नाही. टोपली उचलली आणि विचारलं, "पण तुम्ही खरंच तसं केलं होतं का?"

"नाही."

"मग मी सांगते सगळ्यांना!"

"तुझं कोण ऐकणार, वेडाबाई," ओविद म्हणाला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. आल्सीद खिडकीकडे पाठ करून बसला होता. तो उठला, सहा वर्षांत पहिल्यांदा वळला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला उचलून खिशात घातलं. ओविदने ते बघितलं आणि अडवलं नाही.

ईस्टरच्या सकाळी क्लोतीलमावशींनी पहिल्या जोडीचं नाव पुकारायच्या आत आल्सीद पायरीवर चढला. विर्जी खालीच रिकामी टोपली घेऊन उभी होती. त्याने मला कठड्यावर वाजवलं. टक्‌ टक्‌. सहा वर्षं उशिरा.

"हे मी आणलं होतं. ओविदने नाही. प्रार्थना चालू असताना मी त्याच्या टोपलीत ठेवलं."

आणि काय झालं असेल, सांगा? कुणाचा विश्वासच बसला नाही! आल्सीद म्हणजे गावचा विनोदी माणूस. आधी हसले. मग एकजण गहिवरून म्हणाला, "दोस्त असावा तर असा. मित्राचं पाप स्वतःवर घेतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या लाकडाला वाचा फुटेल की काय, असं झालं मला.

"गप्प बसा!" आल्सीद ओरडला. त्याचा आवाज फाटला. "टाळ्या कसल्या वाजवताय? त्याला दात नव्हते त्या दिवशी. त्याच आठवड्यात काढले होते, मीच नेलं होतं डॉक्टरकडे. घराबाहेर त्याने मला एकट्याला सांगितलं होतं, की कवळीवर अंडं कळत नाही. म्हणून त्याच्या टोपलीत ठेवलं. त्याला ओळखू येणार नाही, हे माहीत होतं मला. दुसऱ्या कुणाच्या टोपलीत ठेवायचं धाडस झालं नसतं."

आता कुणी टाळी वाजवली नाही. क्लोतीलमावशींनी खाली बसून घेतलं. त्यांचे ओठ हलत होते. अकरा वर्षं हेच चाललं होतं का, हा स्वतःचाच प्रश्न त्यांना आठवला असावा.

"मला काय सांगतोस?" त्या शेवटी म्हणाल्या. "जा त्याच्याकडे. आणि आण त्याला. तो आल्याशिवाय इथे एक अंडं फुटणार नाही."

ओविद खुराड्यात दाणे टाकत होता. आल्सीद विर्जीचा हात धरून दारात उभा राहिला आणि मला पुढे केलं. 

"मला माहीत आहे," ओविद म्हणाला. "प्रार्थनेत माझे डोळे कधीच पुरते मिटत नाहीत. तुझा हात टोपलीत गेलेला पाहिला होता मी. वाटलं, मिठाची पुडी घेतोयस. पायरीवर ते फुटेना, तेव्हा समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोलायचं होतं होय?" ओविदचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच ऐकला. "दर रविवारी कॉफी कशाला पाजत होतो तुला? म्हटलं, आज बोलेल. पुढच्या रविवारी बोलेल. हे अंडं खिडकीत कुणासाठी ठेवलं होतं, माझ्यासाठी? ओसरी दुरुस्त करून दिलीस लेका, छप्पर करून दिलंस. मला ओसरी नको होती."

आल्सीद रडायला लागला. ओविदने त्याला मिठी मारली नाही. "माझे सहा ईस्टर गेले रे," तो म्हणाला, "ते तुझ्या चरकावर होत नाहीत." मग त्याने विर्जीकडे पाहिलं, खुराड्याच्या कोपऱ्यातली झाकलेली टोपली पुढे ओढली आणि वरचं फडकं काढलं. उकडून, रंगवून ठेवलेली सहा अंडी होती. पोरीला नाही म्हणाला होता, तरी केली होती.

"निवड. माझ्या दातांवर कळत नाही आता. तुझ्या वाजव."

विर्जीचे समोरचे दोन दात नुकतेच पडले होते. तिने बाजूच्या दातांवर वाजवून पाहिलं, ऐकलं आणि एक अंडं उचललं. ओविदने झुल्माला हाक मारली, टोपी घातली, आणि सगळे चर्चकडे निघाले. मी आल्सीदच्या खिशात होतो.

पायऱ्यांवर लोकांनी वाट करून दिली.  ओविद विर्जीच्या शेजारी उभा राहिला, पारँ म्हणून. समोर क्लोतीलमावशींचा दांडगा पुतण्या. ठोक बसली आणि पहिल्याच फटक्यात विर्जीचं अंडं टोकापासून पोटापर्यंत तडकलं.

ओविदने ते तिच्या हातातून घेतलं आणि डोक्यावर उंच धरलं. "फुटलं!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंत का सगळ्यांनी? माझ्या कोंबडीचं आहे! फुटलं!" त्याने ते तिथेच सोललं. क्लोतीलमावशींनी मिठाची वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. हरलेलं अंडं खरं तर जिंकणाऱ्याचं, पण त्या पुतण्याने मागितलं नाही. ओविदने अर्धं विर्जीला दिलं, अर्ध्याचे दोन तुकडे केले, आणि एक थोडा वेळ हातात धरून आल्सीदपुढे केला. 

मित्रांनो, त्या क्षणी मला त्या फुटलेल्या अंड्याचा हेवा वाटला. मी त्या एका ईस्टरला कितीतरी अंडी फोडली, पण मला फुटता येत नाही, आणि कुणाला खाऊही घालता येत नाही.

आता मी परत खुराड्यात आहे. पांढरीच्या नाती-पणत्या माझ्या शेजारी बसतात आणि मी त्यांना फसवतो. आल्सीद रविवारी येतो, आता खिडकीकडे तोंड करून बसतो असं ऐकतो. दोघे पूर्वीसारखे हसतात का, ते मला इथून ऐकू येत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्ही वस्तू मुक्या असतो. तुम्ही नेऊन ठेवाल तिथे बसतो, लढवाल त्याच्याशी लढतो. आमच्याकडून खोटं बोलून घेऊ नका. आणि कधी घेतलंतच, तर त्याच दिवशी, त्याच पायरीवर आम्हाला वाजवून दाखवा. लोक हसतील, थोडे रागावतील, मग अंड्याला मीठ लावून खातील. तेवढ्यात ते मिटलं असतं हो. मला वाजवायला फक्त एका बोटाची गरज होती.